फ्लुरोमीटरवाल्या मॅडमना

मॅडम,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. समोर आभार मानले तेव्हा तुम्ही 'बरं बरं' म्हणत दिवा बंद करायला वळलात. म्हणून लिहूनच टाकते.

औषध पेशीपटलात शिरलं की पटल सैल होतं की घट्ट, एवढंच मला मोजायचं होतं. पण जेमतेम 4-5 नॅनोमीटर जाडीचं ते प्रकरण! लॉर्डान नावाचा रंग त्यात मिसळायचा आणि तुमच्या फ्लुरोमीटरवर त्याचा उजेड मोजून ताडायचं. पटल घट्ट असेल तर तो 440 नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. सैल होऊन पाणी आत शिरलं की 490 कडे सरकतो. माझा लॉर्डान म्हणत होता, औषधाने पटल घट्ट होतंय. पटल किती अंशांना वितळतं ते सांगणाऱ्या कॅलरीमीटरचं म्हणणं नेमकं उलटं. नुसत्या डीपीपीसीचं, म्हणजे मी वापरलेल्या मेदाचं, पटल 41 अंशांना वितळतं, औषध घातलं की त्याच्या आधीच.

त्याच मेदाच्या पटलाचे इवलेसे फुगे, म्हणजे लिपोसोम, मी बनवले होते. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं एकच पालुपद: 'लिपोसोम बिघडलेत, परत बनव.' आलेख नीट बघायची तसदी कुणी घेतली नाही. एका साहेबांनी तर भर बैठकीत 'हिच्या हाताला वळणच नाही' म्हणून विषय मिटवला.

तुम्ही शेजारचं स्टूल ओढलंत, माझी वही पुढ्यात घेतलीत आणि म्हणालात, 'लिपोसोम नीट आहेत असं धरून चालू. मग काय उरतं?'

तुमच्या लेखी ते साधं वाक्य असेल. मला मात्र पुढची काही मिनिटं वहीतलं अक्षर दिसेना. माझं काम खरं धरून मग शंका काढणारं कुणी तोवर भेटलंच नव्हतं. हुशार माणसं पुष्कळ असतात हो, पण समोरच्याला आधी खोटं न ठरवता हुशारी वापरणारी किती?

मग तुम्ही लॉर्डान न घालता फक्त लिपोसोम आणि औषध क्युवेटमध्ये घेतलंत. पडद्यावर 440 पाशी हा एवढा उंचवटा! औषध स्वतःच चमकत होतं आणि लॉर्डानच्या नावावर खोटी साक्ष देत होतं. तेवढा उजेड वजा केला आणि दोन्ही यंत्रं एकच सांगू लागली: पटल सैल होतंय.

'आभारात माझं नाव नको, हे माझं कामच आहे,' असं तुम्ही बजावलं होतंत. नाव घातलंय. आणि बैठकीतल्या त्या साहेबांना सगळे कच्चे आलेख पाठवलेत, बिनलॉर्डानचा सगळ्यात वर.

तुमची,
वळण नसलेल्या हातांची विद्यार्थिनी