ती गिटार नादुरुस्त नव्हती

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात गणेशोत्सवातील एका कार्यक्रमाविषयी पत्र प्रसिद्ध झाले आहे. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा गिटार वाजवत असताना ती एकाएकी घुमू लागली, ध्वनिवर्धकवाल्याने ‘वाद्य नादुरुस्त आहे’ असे माइकवरून जाहीर केले आणि श्रोत्यांत हशा पिकला, असा प्रसंग त्यात वर्णिला आहे. त्यावरून पत्रलेखकांनी असा निष्कर्ष काढला आहे की हल्लीच्या मुलांना संगीतापेक्षा जुन्या थाटाच्या वस्तूंचे वेड अधिक आहे आणि ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या घाटाची गिटार मिरवणे हा त्याचाच एक प्रकार होय. त्या संध्याकाळी मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शिवाय ती गिटार चार दिवस आधी मीच लावून दिली होती, तेव्हा या प्रकरणात माझाही थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो.

मी वेंगुर्ल्यात गेली एकतीस वर्षे वाद्ये दुरुस्त करतो. पोट भरते ते भजनी मंडळांच्या पेट्यांवर. डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांचे, दिवस जवळ आले की भाते आणि सूर यांतून डोके वर काढायला सवड नसते. त्याखेरीज चर्चमधील व्हायोलिने येतात, चार-दोन घरांतले तानपुरे येतात आणि गेल्या पाच-सहा वर्षांत आर्चटॉप गिटारीही येऊ लागल्या आहेत. आजवर अकरा आल्या. त्यांपैकी एकीचाही मालक तिशीच्या पुढचा नव्हता.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीच्या गिटारीची वरची फळी सपाट असते, मधोमध गोल छिद्र असते आणि तारांची घोडी त्या फळीवर चिकटवलेली असते. आर्चटॉपची फळी व्हायोलिनप्रमाणे मध्यभागी फुगीर असते, छिद्राऐवजी दोन्ही बाजूंना इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाच्या खाचा असतात, तारा घोडीवरून पुढे जाऊन वाद्याच्या कडेला तानपुऱ्याच्या लंगोटासारख्या पट्टीला अडकवलेल्या असतात आणि घोडी केवळ तारांच्या दाबाने उभी राहते. अमेरिकेतील कॅलमझू गावच्या ऑर्व्हिल गिब्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी कोरीव फुगीर फळी मँडोलिन व गिटारीवर आणली आणि १९२२ साली त्यांच्या नावाच्या कंपनीने, लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली, एफ आकाराच्या खाचा असलेली एल-५ ही गिटार बाजारात आणली. चर्चमध्ये व्हायोलिन ऐकत वाढलेल्या आमच्याकडच्या मुलांना हा घाट मुळीच परका वाटत नाही. पहिल्यांदा आलेल्या मुलाने तर ‘काका, हे व्हायोलिनच गिटारीसारखे वाजवायचे ना?’ असेच विचारले होते.

घोडी सुटी असल्याचा परिणाम थेट आवाजावर होतो. सपाट गिटारीत तारा चिकटवलेल्या घोडीला ओढत असतात. तिचा आवाज भरदार असतो आणि बराच वेळ रेंगाळतो. आर्चटॉपमध्ये तारा घोडीला खाली दाबतात, त्यामुळे सूर तत्काळ, धारदार उमटतो आणि लवकर विझतो. १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेतील जॅझ वाद्यवृंदांना पितळी वाद्यांच्या गलबल्यात बँजो या तारवाद्याची जागा घेऊ शकेल अशी गिटार हवी होती, म्हणून हा गुण मोलाचा ठरला. जॅझ पियानोवादक काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन यांनी १९३७ पासून १९८७ साली मृत्यू येईपर्यंत हेच काम केले. मात्रेला एक असे चार ठोके, तेही दोन-तीन सुरांचे आणि बहुधा ध्वनिवर्धकाविना. भजनात झांज वाजवणाऱ्याकडे कुणी पाहत नाही, पण तो थांबला की बुवांचे गाणे बसते. ग्रीन यांचे स्थान नेमके तसे होते.

आवाज लवकर विझणे हा दोष मानून मी एका मुलाला सहज म्हटले की याच पैशांत तुला घुमारदार गिटार मिळाली असती. त्यावर तो म्हणाला, “काका, ह्याचो आवाज बेगीन मरता, म्हणान फुडलो सूर शोधूचो लागता.” एवढे नेमके उत्तर मला स्वतःला सुचले नसते. जॅझमध्ये गाण्याची चौकट ठरलेली असते आणि तिच्यावर वादक तिथल्या तिथे नवी सुरावट बांधत जातो. ख्याल किंवा भजनाची बारी ऐकणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. ज्या वाद्यात सूर लांबत नाही त्यात वादकाला झाकून घ्यायला जागा उरत नाही. घरात बसून, वीज न लावता, आपलाच हात आपल्याला ऐकू येतो. ही मुले मोबाइलवर बोटाच्या एका स्पर्शाने हजार प्रकारचे आवाज काढू शकतात. तरीही ती याच एका आवाजाच्या मागे का लागतात, ते मला त्या उत्तरानंतर कळले.

हे वाद्य म्हाताऱ्यांचे आहे, असा पत्रलेखकांचा सूर आहे. एडी लँग यांनी जॅझमध्ये गिटारीला स्वतंत्र आवाज मिळवून दिला आणि ते १९३३ साली वयाच्या तिसाव्या वर्षी वारले. चार्ली ख्रिश्चन १९३९ साली क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात आले, गिब्सनच्या ईएस-१५० या विद्युत आर्चटॉपवर त्यांनी सॅक्सोफोनच्या तोडीची एकल सुरावट वाजवून दाखवली आणि १९४२ साली क्षयाने गेले तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. आजही १९९९ साली जन्मलेल्या समारा जॉय या गायिकेचा २०२१ मधला पहिला संग्रह ऐकला तर तिच्या मागे पास्क्वाले ग्रासो यांची आर्चटॉप वाजत असते. तिला २०२३ साली नवोदित कलाकाराचे ग्रॅमी मिळाले आणि माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या मुलांनी हे वाद्य प्रथम तिथेच ऐकले.

आपल्या देशालाही ते नवीन नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी आडवी ठेवून शास्त्रीय संगीत वाजवलेली गिटार ही मूळची एफ-खाचांची गिब्सनच होती, आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा म्हणजे तरफेच्या तारा जोडून बदललेली आर्चटॉपच आहे. मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जॅझ रुजवणारे वादक तर बहुतांशी आमच्या शेजारच्या गोव्याचे, तेथील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले. वेंगुर्ल्याहून गोव्याची हद्द किती दूर आहे, हे कोकणच्या वाचकाला सांगायला नको.

दिसण्याचा मोह त्यात नाही असे मी म्हणणार नाही. कडेला काळपट आणि मध्ये मधासारखा उजळत जाणारा तो रंग, त्या खाचा, ती पितळी पट्टी पाहून मीही दुकान बंद करायच्या वेळी एखादी गिटार हातात घेऊन बसतो. मिरजेहून तानपुरा आणताना आपण त्याच्यावरील नक्षी पाहत नाही काय?

आता त्या संध्याकाळच्या घुमण्याविषयी. आर्चटॉप आतून पोकळ असते. मंचावर वादकाच्या पुढ्यात ठेवलेल्या ध्वनिवर्धकाचा आवाज तिच्या फुगीर फळीवर आदळतो, फळी थरथरते, तारा थरथरतात, तारांखालचा पिकअप, म्हणजे थरथर टिपून तिचा विद्युत संकेत करणारा भाग, ती पुन्हा ध्वनिवर्धकाकडे पाठवतो आणि हे चक्र एका खालच्या सुरावर हूं-हूं करीत वाढत जाते. तानपुऱ्यासमोरचा माइक स्पीकरकडे तोंड करून ठेवला तरी हेच घडते. उपाय साधा आहे. वादकाला स्पीकरच्या रेषेतून बाजूला बसवावे, त्याच्याकडे येणारा आवाज आणि खर्ज कमी करावा, फारच झाले तर खाचांत फडक्याचा बोळा घालावा. त्या दिवशी मुलाने दोनदा हात करून आवाज कमी करण्याची खूण केली होती. ती वाढवण्याची खूण समजली गेली आणि आवाज दुपटीने वाढला. वाद्यात कसलाही बिघाड नव्हता.

खरी काळजी वेगळीच आहे आणि तिच्याविषयी कुणी लिहीत नाही. ती आहे आमच्या हवेची. कोरीव आर्चटॉपची वरची फळी स्प्रूस या मऊ लाकडाची, मागची मेपलची. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते; रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे हवा ओली चिंब असते, आणि गिटारीला पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. परिणामी फळीची कमान वर येते, तारा पडद्यांपासून उंच जातात, बोटे दुखतात, फळीच्या काठाने चिकटवलेली पट्टी सुटते आणि सरसाचे सांधे ढिले पडतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सारे उलट्या दिशेने घडते. माझ्याकडे आलेल्या अकरांपैकी तीन गिटारी अस्सल कोरीव फळीच्या होत्या आणि तिन्ही श्रावणातच आल्या.

म्हणून मी प्रत्येक मुलाला सांगतो की थरांच्या फळीची आर्चटॉप घे आणि ‘प्लायवूडची गिटार’ म्हणून कुणी हिणवले तर मनावर घेऊ नकोस. पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ती फुगत नाही आणि मंचावर घुमतेही कमी. १९४९ साली गिब्सनने काढलेली ईएस-१७५ थरांच्याच फळीची होती आणि जो पास, जिम हॉल यांच्यासारख्या जॅझ गिटारवादकांनी ती आयुष्यातली कित्येक वर्षे वाजवली. आयबनेझ, एपिफोन यांच्या तशा गिटारी आज साध्या मोटारसायकलीपेक्षा कमी पैशांत मिळतात. पावसाळ्यात ती चिऱ्याच्या भिंतीला टांगू नये, कारण भिंतीला घाम सुटतो. पूर्वी कपाटात चाळीसचा दिवा लावून ठेवत असू; आता तसले दिवे मिळेनासे झाले आहेत, तर गिटार ठेवायच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या आणि चारशे-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवावा. तारा बदलताना एकेक बदलावी. सगळ्या एकदम काढल्या की घोडी निसटते, तिची मूळ जागा हरवते आणि मग वरच्या पडद्यांवर एकही सूर जुळत नाही.

या शेवटच्या गोष्टीपायी एका मुलाने बाहेरगावच्या एका दुकानात गिटार नेली. ‘घोडी निखळली आहे’ असे सांगून तेथे ती फळीवर पक्की चिकटवली गेली, वर दोन स्क्रूही मारले गेले. मला ती गरम पात्याने सोडवायला दीड दिवस लागला. स्क्रूंची भोके अजून दिसतात. तो मुलगा आता त्यांवर बोट ठेवून नव्या मुलांना सुट्या घोडीचा धडा देतो.

माझी विनंती एवढीच की ‘वाद्य नादुरुस्त होते’ या विधानाची दुरुस्ती आपल्या सदरात छापावी. तो मुलगा त्यानंतर चार आठवडे लोकांसमोर वाजवायला तयार नव्हता. आता तुळशीच्या लग्नानंतर आमच्या वाडीतील एका कार्यक्रमात तो बसणार आहे. स्पीकर कुठे ठेवायचा, ते या वेळी मी स्वतः पाहणार आहे, आणि पत्रलेखकांना तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी जागा राखून ठेवली आहे.

आपला नम्र,
एक वाद्यदुरुस्तीकार,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग