एका कायद्याचे इतके अर्थ का? केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, भारत सरकार, यांस

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातला बागायतदार आहे. माझ्या घरी वडिलांच्या वेळेपासूनची ठासणीची बंदूक आहे, तिचा परवाना पीकसंरक्षणासाठी आहे आणि त्यावर क्षेत्र म्हणून फक्त सिंधुदुर्ग जिल्हा लिहिलेला आहे. सासरकडून आलेले माझे छोटे कुळागर, म्हणजे माड-सुपारीची बाग, मात्र हद्दीपलीकडे, गोव्याच्या डिचोली तालुक्यात आहे. दोन्ही बागांतले अंतर चालत अर्ध्या तासाचे. वानरांची तीच टोळी सकाळी इकडच्या माडांवर असते आणि दुपारी तिकडच्या केळींत. तिला हुसकावण्यासाठी मी इकडे हवेत बार काढला तर तो परवान्यातला वापर ठरतो आणि तीच बंदूक खांद्याला लावून हद्द ओलांडली तर मी गुन्हेगार ठरतो. शेजारच्या राज्यापुरती वैधता वाढवून घेण्याची सोय आहे हे मला माहीत आहे. मी तसा अर्ज केला होता. तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेला आणि तिथेच राहिला; नकार मिळाला नाही, त्यामुळे अपीलही करता आले नाही.

माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. डेलावेअर नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियाने दिलेला पिस्तूल बाळगण्याचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही, असे त्याने सांगितले तेव्हा मला हसू आले. पण तिथे प्रत्येक राज्याचा कायदाच वेगळा आहे, निदान कागदावर तरी हिशेब सरळ आहे. आपल्याकडे 1959 चा शस्त्र अधिनियम एकच, 2016 चे शस्त्र नियम एकच, आणि तरीही परवाना मिळणे, न मिळणे, तो कुठवर चालणे हे सगळे राज्यागणिक आणि पुष्कळदा जिल्ह्यागणिक बदलते. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा बोलून दाखवले आणि ते मला मान्य आहे. हक्क मागण्यासाठी हे पत्र नाही.

आपल्याच मंत्रालयाचे आकडे पाहावेत. 31 डिसेंबर 2016 रोजी उत्तर प्रदेशात सुमारे 12 लाख 77 हजार शस्त्र परवाने होते आणि महाराष्ट्रात 84,050. 2011 च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशची लोकसंख्या महाराष्ट्राच्या दुपटीहूनही कमी भरते, परवाने मात्र पंधरापट. त्याच यादीत जम्मू-काश्मीरचे 3 लाख 69 हजार परवाने होते. तिथे बाहेरच्या राज्यांतील माणसांना खोट्या कागदांवर परवाने वाटल्याचे प्रकरण 2017 मध्ये राजस्थान पोलिसांनी उघडकीस आणले आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. एका राज्यात दार बंद असले की माणूस जिथे ते सताड उघडे आहे तिथे जातो. मला वाटते, हा भ्रष्टाचाराइतकाच असमान अंमलबजावणीचाही परिणाम आहे.

कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातले कोडवा समाजाचे लोक आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या जमिनीचे, धारक यांना शस्त्र अधिनियमाच्या कलम 41 खाली परवान्यातूनच सूट आहे. ती ब्रिटिश काळापासून चालत आली आणि 2019 मध्ये आपल्या मंत्रालयाने 2029 पर्यंत वाढवली. ती काढून घ्या असे मी म्हणत नाही. त्यांची परंपरा त्यांना लखलाभ. पण तीच सह्याद्रीची रांग, तसाच पाऊस, तशीच माकडे-डुकरे, आणि इथल्या शेतकऱ्याला नळीतून दारू ठासून वाजवायच्या बंदुकीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. वास्तविक पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी अशी बंदूक मागणाऱ्याला, परवाना नाकारण्याची कारणे सांगणाऱ्या कलम 14 ची आडकाठी नसेल तर, परवाना द्यावा असेच कलम 13 सांगते. पोलीस अहवालासाठी नियमांत 30 दिवसांची मुदत आहे. (दोडामार्गात हत्तीही आहेत, पण त्यांच्यापुढे या बंदुकीचे नाव काढण्यात अर्थ नाही.)

निवडणुकीच्या वेळी तर हा फरक अंगावर येतो. 2024 मध्ये 16 मार्चला आचारसंहिता लागली, आमच्याकडे आणि उत्तर गोव्यात 7 मे रोजी मतदान झाले, आणि आचारसंहिता उठली 6 जूनला. म्हणजे काजूचा अख्खा हंगाम. या काळात हत्यार ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंग्यात सापडलेले अशांचे परवाने छाननी समितीने तपासून मगच जमा करण्याचा आदेश काढावा, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. प्रत्यक्षात कुठे सरसकट आदेश निघतो, कुठे एकेका परवानाधारकाचा विचार होतो. आयोग आपल्या अखत्यारीत नाही, पण परवाना देणारे अधिकारी ज्या अधिनियमाखाली काम करतात तो आपल्या मंत्रालयाचा आहे.

तेव्हा माझे मागणे असे की, ज्यांची शेती राज्याच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे त्यांच्या पीकसंरक्षण परवान्यावर सातबारा आणि गोव्यातला तसाच जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहून लगतच्या तालुक्याची नोंद जिल्हाधिकाऱ्यांनाच करता यावी, असा बदल नियमांत करावा. आणि अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही तर तो नाकारला असे समजून कलम 18 खाली अपील करण्याची मोकळीक द्यावी. नकार लेखी आणि सकारण मिळाला तरी चालेल. सध्या माझ्याकडे दाखवायला फक्त आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली अर्जाची एक प्रत आहे, आणि तिच्यावर तारीख आहे तीन काजू-हंगामांपूर्वीची.

आपला विश्वासू,
दोडामार्ग तालुक्यातील एक बागायतदार