पार्टिसिपल शिकवताना मराठी दूर का?

महोदय,

पार्टिसिपल म्हणजे इंग्रजी क्रियापदापासून बनलेले, विशेषणासारखेही वापरता येणारे रूप. पण ते म्हणजे क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता, अशी समजूत शाळांत पक्की झाली आहे. तक्ता तोंडपाठ असलेली मुलेही ‘इंटरेस्टेड’ऐवजी ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन क्रिकेट’ लिहितात, कारण कोणते रूप कुठे घालायचे हे तक्ता सांगत नाही. ‘प्रेझेंट’ आणि ‘पास्ट’ या नावांनी घोळ वाढतो तो वेगळाच. ‘द लेटर विल बी रिटन टुमॉरो’ यात पत्र उद्याचे, रूप मात्र पास्ट पार्टिसिपल, म्हणजे तक्त्यातले तिसरे! काळ सहायक क्रियापद दाखवते.

मराठीची धातुसाधिते, म्हणजे धातूला प्रत्यय लागून बनलेले शब्द, इथे कामी येतात. ‘-णारा’ म्हणजे बहुधा आयएनजी आणि ‘-लेला’ म्हणजे बहुधा तिसरे रूप. उकळणारे पाणी ‘बॉयलिंग वॉटर’, फुटलेली काच ‘ब्रोकन ग्लास’. खरी मेख त्या ‘बहुधा’त आहे. झोपलेले मूल ‘स्लीपिंग चाइल्ड’ होते, ‘स्लेप्ट’ नव्हे. बाकावर बसलेला माणूस ‘सिटिंग’, साडी नेसलेली बाई ‘वेअरिंग अ सारी’. आपला ‘-लेला’ क्रियेनंतर टिकून राहिलेली स्थितीही सांगतो. इंग्रजीत सकर्मक क्रियापदाचे तिसरे रूप नामाआधी आले, की क्रिया त्या नामावर झालेली असते. म्हणून ‘वोर्न सारी’ म्हणजे वापरून विटलेली साडी. अकर्मकांपैकी ‘फॉलन लीव्ह्ज’सारखी मोजकीच रूपे चालतात. ती सरळ पाठ करावीत.

वाक्ये जोडण्याच्या प्रश्नात चूक होते ती कर्त्याची. ‘शाळेत जाताना मला कुत्रा चावला’ हे मराठीत निर्दोष आहे. तेच ‘गोइंग टू स्कूल, अ डॉग बिट मी’ असे लिहिले, की शाळेला निघाला तो कुत्राच, असा अर्थ होतो. म्हणून आधी दोन्ही वाक्यांचे कर्ते पाहावेत. ते एकच असतील आणि पहिली क्रिया आधी संपली असेल, तर ‘हॅविंग’ अधिक तिसरे रूप. ती कर्मणी असेल तर ‘हॅविंग बीन’. कर्ते वेगळे असतील तर पहिला गाळायचा नाही: ‘द सन हॅविंग सेट, वी वेंट होम’.

शंका असल्यास वाक्ये मराठीत ‘-ऊन’ने जोडून पाहावीत. ‘जेवून तो झोपला’ जुळते, ‘सूर्य मावळून आम्ही घरी गेलो’ खटकते. ‘पाऊस पडून पीक वाया गेले’ अशी कारण सांगणारी वाक्ये मात्र या कसोटीतून निसटतात, तिथे कर्ता पाहावाच लागतो. पाठ्यपुस्तकात या तुलनेला निदान एक पान मिळावे.

– इंग्रजी विषयाचे काही शिक्षक, सातारा