दाभोळच्या धक्क्यावरून तेरला पत्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

साष्टांग नमस्कार.

दाभोळसारख्या आडबाजूच्या गावी माझी बदली झाल्याची आईला अजून रुखरुख आहे, म्हणून या गावाविषयी सविस्तर लिहीत आहे.

आपल्या तेरचा माल पहिल्या शतकात गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे, हे बाबांनी लामतुरे संग्रहालयातील वस्तू दाखवताना आम्हांला सांगितले होते. पुढे बहमनी काळात आपला मुलूख बिदरच्या सत्तेखाली असताना त्या राज्याचे एक मोठे बंदर हे दाभोळच होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बिदरहून परतताना येथूनच होर्मुझच्या जहाजात बसला. पोर्तुगिजांनी १५०८ मध्ये हे शहर जाळले, आणि पुढे व्यापार दुसऱ्या बंदरांकडे वळत गेला. नंतर अनेक दशके मुंबईच्या आगबोटी येथे थांबत आणि चाकरमाने त्यांनी ये-जा करीत. त्याही बंद पडल्या, तेव्हा दाभोळ म्हणजे जिथे रस्ता संपतो ते गाव, एवढीच त्याची ओळख उरली.

ती ओळख २००३ मध्ये पलीकडच्या धोपाव्यापर्यंत फेरीबोट सुरू झाल्याने बदलली. पूर्वी गाडीने गुहागर गाठायचे तर चिपळूणवरून मोठा वळसा पडे. आता वाशिष्ठीची खाडी काही मिनिटांत ओलांडता येते. बोट धक्क्याला टेकताच साखळ्या करकरत पुढची लोखंडी फळी खाली येते, आधी दुचाक्या निघतात आणि मोटारी, टेम्पो खलाशाच्या हातवाऱ्यांवर एकेक करून उतरतात. ओहोटी असली की फळीचा उतार वाढतो, आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या मासळीवाल्या बायका त्यावरून इतक्या सहज चालतात की मी प्रत्येक वेळी पाहत राहते. सुट्ट्यांत पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि धक्क्यावरच्या टपऱ्यांचा धंदा तिच्यावर चालतो.

मला चिंता वाटते ती पुढच्या बदलाची. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी कोकणातील खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आहे. पूल व्हावा, असेच माझे मत आहे, कारण अत्यवस्थ रुग्णाला रात्री बोटीची वाट पाहायला लावणे कोणालाही मान्य होणार नाही. परंतु पूल वाहनांसाठी असतो. मोटारी तिकडे वळल्या की बोटीचे उत्पन्न जाईल, आणि ज्यांच्याकडे वाहन नाही त्या मासळीवाल्या, शाळकरी मुली आणि म्हातारी माणसे यांची धक्क्यापासून धक्क्यापर्यंतची सोय कोण पाहणार? तोट्यात गेली तरी पायी माणसांसाठी एक लहान बोट सरकारने चालू ठेवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

बाबा, तुमची उभी हयात एस.टी.त गेली. भारमान नसलेल्या वाडीची गाडी बंद करावी की मुलींच्या शाळेसाठी चालू ठेवावी, हा वाद तुम्ही आगारात कितीदा घातला असेल. येथील ग्रामस्थांनी ही मागणी कोणत्या आधारावर मांडावी, याबद्दल तुमचे मत सविस्तर कळवावे. मी ते पत्र येथील जाणत्या मंडळींना वाचून दाखवीन.

आईने गुडघ्यांचे औषध चुकवू नये.

तुमची,
सुनंदा