लिंकननंतर डायरेक्ट मार्टिन ल्यूथर किंग? मधलं कुठं गेलं?

संपादक साहेब, नमस्कार.

फेब्रुवारी आला की पेपरात लिंकनवर लेख येतो, गुलामी संपली असं वाचायचं आणि पुढं डायरेक्ट मार्टिन ल्यूथर किंग. मधल्या माणसांबद्दल कुणी लिहीतच नाही, म्हणून आज अमेरिकेतले काळे वकील आणि जज जोनाथन जॅस्पर राईट यांच्याबद्दल लिहितोय.

जन्म १८४० चा, पेनसिल्व्हेनियातला. शाळेत शिकवत शिकवत वकिलाच्या ऑफिसात बसून कायदा वाचला, पण काळे म्हणून परीक्षाच घेईनात! १८६६ ला काळ्यांना नागरिक म्हणून समान हक्क देणारा सिव्हिल राईट्स ॲक्ट झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये सनद मिळाली, त्या राज्यातले पहिले काळे वकील. मग साऊथ कॅरोलिनात ब्यूफोर्टला जाऊन नुकत्याच सुटलेल्या गुलामांना कायद्याचा सल्ला द्यायचं काम केलं, १८६८ च्या राज्याच्या घटना समितीत बसले, त्या घटनेत सरकारी शाळा रंग न बघता सगळ्यांना मोफत असं लिहिलं गेलं, मग स्टेट सिनेटर झाले आणि १८७० ला, वय तिशीच्या उंबरठ्यावर, राज्याच्या सुप्रीम कोर्टात जज! अमेरिकेत कुठल्याही राज्याच्या सुप्रीम कोर्टात बसलेला हा पहिला काळा माणूस.

जोतिरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं तेव्हा राईट त्या खुर्चीवर होते, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पुढचं वाचवत नाही. १८७६ च्या इलेक्शननंतर काळ्यांचा पाठिंबा असलेले चेंबरलेन आणि जुन्या गोऱ्या सत्तेच्या बाजूचे हॅम्प्टन दोघंही मीच गव्हर्नर म्हणायला लागले, केस कोर्टात आली, राईट यांनी आधी हॅम्प्टनच्या बाजूच्या ऑर्डरवर सही केली आणि नंतर ती मागे घेतली. काहीजण याला कच्चेपणा म्हणतात, मला नाही पटत, तीन जजच्या कोर्टात चीफ जस्टिस आजारी, बाहेर हॅम्प्टनच्या बाजूचे बंदूकधारी लोक, त्यात सही मागे घ्यायला हिंमत लागते. १८७७ ला काळ्यांना आधार असलेलं फेडरल (केंद्र सरकारचं) सैन्य निघून गेलं, महाभियोगाची धमकी आली आणि त्यांनी राजीनामा दिला. मग चार्ल्स्टनला वकिली केली, मुलांना कायदा शिकवला, १८८५ ला क्षयानं गेले. वय ४५ फक्त. त्या कोर्टात पुढचा काळा जज १९८५ ला आला, अर्नेस्ट फिनी.

राईट यांचा वाढदिवस ११ फेब्रुवारी, लिंकनच्या बरोबर आदल्या दिवशी. पुढच्या वर्षी त्या दिवशी त्यांना अर्धं पान द्या ही मनापासून विनंती.

आपला एक जुना वाचक,
सातारा