आत्याची वेल

भुसावळ, १४ जून

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आत्या गेली तेव्हा तुझा फोन आला होता आणि मी ‘सवडीने बोलू’ म्हटले होते, त्याला सात महिने झाले. माझी प्रकृती ठीक, साखर गोळीने आटोक्यात. पत्राचे कारण निराळे आहे आणि ते घरात बोलायची मला लाज वाटते: आत्याच्या मनीप्लांटचा मी जीव घेतला.

दिवसकार्य आटोपल्यावर ‘तुझ्याकडेच राहू दे’ म्हणून ताईने ती वेल डालड्याच्या त्या गंजक्या डब्यासह माझ्या हवाली केली. मला तो डबा बरा दिसेना, म्हणून मी चिनीमातीची चकचकीत कुंडी आणली आणि आत्याच्या वेलीला आपल्याच शेताची माती मिळावी या भावनेपोटी ती काळ्या मातीने काठोकाठ भरली. कापसाला मानवणारी ही माती पाणी धरून ठेवते, हे जन्मभर शेतीच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला नेमके त्या दिवशी सुचू नये! त्यात कुंडीला खाली भोक नव्हते. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर, आपल्याला लागते तशी तिलाही तहान लागत असेल म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी ओतत राहिलो. पाने पिवळी पडू लागली तेव्हा पाणी वाढवले. शेवटी कुंडी उपडी केली आणि काळी, बुळबुळीत मुळे हातात आली, तेव्हा कळले की आत्याच्या डब्याचा तळ गंजून चाळण झाला होता म्हणूनच ती इतकी वर्षे तगली होती. शेंड्याचे चार तुकडे पाण्यात ठेवले. तीन सडले, चौथ्याला मूळ फुटत नाही, आणि मी दिवसातून दहादा बाटली उचलून पाहतो. मुलांची प्रगतिपुस्तके इतक्यांदा पाहिली नव्हती, असे हिचे म्हणणे आहे.

सूनबाई म्हणाली, रोपवाटिकेत पन्नास रुपयांना मिळते. तिला काय सांगणार?

मग मला तुझी चोरी आठवली. मनीप्लांट चोरून लावला तरच पैसा येतो, असे कुठेसे ऐकून तू परीक्षेच्या आदल्या रात्री ब्लेडने फांदी कापून ट्रंकेत दडवलीस. सकाळी आत्या ‘मन्ही येल कोनी तोडी रे?’ म्हणत दारात उभी राहिली, तेव्हा तू अंघोळीला पळालास आणि सापडलो मी. आठ दिवस माझ्या खिचडीवर तेल पडले नाही. तुला पैसा आला हे मान्य, पण ते तेल तू अजून फेडलेले नाहीस. आता फेड.

घरात या वेलीला फूल येत नाही, त्यामुळे बी नाही. ती फांदीवरूनच पुढे जाते. म्हणजे दिवाळीच्या फोटोत तुझ्या मागे गॅलरीत दिसली, ती आत्याचीच. तिचे दोन-तीन तुकडे पाठव. प्रत्येकावर निदान दोन पेरे असू देत, कारण मूळ पेरातून फुटते, नुसत्या पानाला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून भाच्याजवळ दे.

चिऊचे ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींचा गुडघा कसा आहे?

ताई राखीला येणार आहे आणि तिला मी अजून काहीही सांगितलेले नाही. डबा मी फेकला नव्हता, गोठ्यात सापडला. धुऊन, निम्मी वाळू मिसळलेली माती भरून खिडकीपाशी ठेवला आहे.

तुझा,
बापू