गोट्या पुरणारे उंदीर आणि मंत्रचळावरची औषधे : केंद्रीय पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात औषधांचे दुकान चालवतो. एम. फार्म. शिकताना मी केलेल्या एका प्रयोगाविषयी हे पत्र आहे. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आपल्या मंत्रालयाकडे असल्याने ते आपल्यालाच लिहीत आहे.

पिंजऱ्यात पाच सेंटिमीटर जाडीचा लाकडी भुसा, त्यावर ओळीने मांडलेल्या २० काचेच्या गोट्या आणि एक पांढरा उंदीर, एवढाच तो प्रयोग. ३० मिनिटांनी उंदीर उचलायचा आणि दोन तृतीयांश बुजलेल्या गोट्या मोजायच्या. औषध दिलेल्या उंदराने कमी गोट्या पुरल्या, की ते मंत्रचळावर, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकारावर (ओसीडी) उपयोगी ठरू शकेल, असे प्रबंधात लिहायचे. मीही तसेच लिहिले. भुशातून अर्धवट डोकावणारी गोटी पुरलेली धरायची की नाही, हे मी एकटाच ठरवत होतो आणि कोणत्या उंदराला औषध टोचले आहे हेही मला ठाऊक होते. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

त्याच वर्षी माझ्या मावशीचे उपचार सुरू होते. नळाखाली कोपरापर्यंत हात धुताना तिचा आकडा चुकला, की ती पुन्हा एकपासून मोजायला लागे. बोटांची पेरे भेगाळून रक्त येई आणि घरचे त्याला कित्येक वर्षे सोवळेच समजत राहिले. डॉक्टरांनी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारे फ्लुओक्सेटिन हे औषध दिले, तेव्हा पहिला महिना काहीच फरक पडला नाही आणि तिसऱ्या महिन्यात ती आमच्याबरोबर पंगतीला बसली. मंत्रचळात या गटातल्या औषधांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेच औषध उंदराला एकदा टोचले, तर तो अर्ध्या तासात कमी गोट्या पुरतो. चिंता कमी करणाऱ्या डायझेपाम या औषधानेही तो कमी पुरतो, पण मंत्रचळावर डायझेपाम हा उपचार नव्हे. भुसा उकरणे हा उंदराचा स्वभावच आहे. शेजारी मोकळा कप्पा दिला, तरी तो गोट्या टाळून तिकडे जात नाही. मग आम्ही नेमके काय मोजत होतो?

प्राण्यांवरचे सगळेच प्रयोग थांबवा, असे माझे म्हणणे नाही. सॅपॅप३ हे जनुक काढून टाकलेले उंदीर चेहऱ्यावर जखमा होईपर्यंत स्वतःला साफ करत राहतात आणि काही दिवस फ्लुओक्सेटिन दिल्यावर ते कमी होते, हे २००७ साली दिसले, त्यातून मेंदूतल्या एका विशिष्ट जोडणीकडे संशोधकांचे लक्ष गेले. अशा कामासाठी दिलेला जीव मी वाया गेला म्हणणार नाही. पदवीपुरता उरकलेल्या गोट्यांच्या प्रयोगाबद्दल मात्र मला तसे म्हणता येत नाही.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम १७ सांगते, की शक्य तिथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. उंदरांवरच्या प्रस्तावांना संस्थेचीच नैतिकता समिती मंजुरी देते, म्हणून आपल्या समितीने सर्व संस्थांना स्पष्ट सूचना द्याव्यात, की केवळ एका मात्रेवर आधारलेला गोट्यांचा प्रयोग मंत्रचळाचा पुरावा म्हणून मंजूर करू नये. दीर्घकाळ औषध दिलेले असावे, उंदराची हालचालच मंदावली नाही ना हे वेगळे तपासलेले असावे, आणि गोट्या मोजणाऱ्याला औषध कोणाला दिले हे माहीत नसावे. गुण न आलेले निकालही नोंदवून जाहीर करावेत, नाहीतर तोच प्रयोग शेजारच्या महाविद्यालयात नव्या उंदरांवर पुन्हा होतो.

संस्थेच्या नैतिकता समितीत विज्ञानाबाहेरचा एक समाजाभिमुख सदस्य असतो. आमच्या सीमाभागात त्या सदस्याला प्रस्तावाचा सारांश कन्नडमध्ये आणि मराठीत मिळावा, म्हणजे हा प्रयोग कशासाठी, हे त्याला बैठकीत विचारता येईल.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता
खानापूर, जि. बेळगाव